चढवणं, थांबणं, उतरवणं: कत्तलीआधी जनावर नेमकं कुठे मार खातं

सोललेला बोकड टांगला की कधी कधी मांडीवर किंवा बरगड्यांवर तळहाताएवढा लालकाळा डाग दिसतो. खाटीक तेवढा भाग सुरीने काढून बाजूला टाकतो आणि कामाला लागतो. हा डाग म्हणजे मुका मार: कातडी फाटलेली नसते, पण आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटून रक्त मांसात पसरलेलं असतं. मेलेल्या जनावराचं रक्त फिरत नाही, त्यामुळे मेल्यावर असा डाग पडत नाही. तो जिवंतपणीचाच असतो, आणि रंगावरून त्याचं वयही ढोबळमानाने सांगता येतं. लालभडक डाग काही तासांतला. गडद जांभळट झालेला अर्ध्या ते एका दिवसाचा. कडा हिरवट-पिवळट दिसू लागल्या, तर मार दीड-दोन दिवसांपूर्वीचा, म्हणजे गाडीत चढण्याच्याही आधीचा असू शकतो.

जनावरांच्या वाहतुकीविषयी बोलताना पहिला प्रश्न बहुधा "किती लांबून आणलं?" हाच असतो. लांबचा प्रवास वाईट खराच. भूक, तहान, थकवा सगळं त्यात साचत जातं. पण शेळ्या-मेंढ्यांच्या हृदयाचे ठोके आणि रक्तातलं कॉर्टिसॉल (ताणाचं संप्रेरक) मोजलं, तर दोन्ही सर्वात वर जातात ते चढवताना आणि गाडी सुटल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन तासांत. गाडी एका लयीत चालत राहिली, तर ते हळूहळू खाली येतात. ती थांबली, हिसका बसला किंवा फाळका (हौद्याचं मागचं झाकण) उघडला की पुन्हा वर. म्हणून किलोमीटर मोजण्याआधी चढवणं, थांबणं आणि उतरवणं या तीन जागा तपासाव्यात. सुधारणा करायलाही त्याच सगळ्यात स्वस्त आहेत.

कोणाला गाडीत घालायचं नाही

लंगडणारं, ताप असलेलं, दोन्ही डोळ्यांनी आंधळं, गाभणकाळाच्या शेवटच्या महिन्यातलं किंवा नुकतंच व्यालेलं जनावर गाडीत घालू नये. निरोगी शेळीचं तापमान साधारण ३८.५ ते ३९.५ अंश सेल्सिअस असतं आणि सावलीत शांत उभी असताना ती मिनिटाला १५ ते ३० वेळा श्वास घेते. बरगड्यांकडे बघून अर्धा मिनिट श्वास मोजले तरी बरंच कळतं. सावलीतच ज्याची धाप साठच्या वर आहे, ते जनावर उन्हात तापलेल्या हौद्यात टिकणार नाही.

कत्तलखान्यांसाठीचे २००१ चे केंद्रीय नियम गाभण जनावर, तीन महिन्यांपेक्षा लहान जनावर आणि ज्याचं पिल्लू तीन महिन्यांपेक्षा लहान आहे अशी मादी यांची कत्तल करू देत नाहीत. अशी शेळी गाडीत चढवणं म्हणजे तिला विनाकारण प्रवास घडवणं आणि पुढे पशुवैद्याने नाकारल्यावर परतीचाही.

खाण्यापिण्यात दोन्ही टोकांच्या चुका होतात. वजन जास्त भरावं म्हणून निघताना पोटभर भरडा आणि पाणी पाजलं जातं. भरलेली कोठी (पोटाचा मोठा कप्पा) हिंदकळते, जनावर पातळ हागतं, हौदा निसरडा होतो आणि मग एकामागून एक घसरून पडतात. उलट "गाडी घाण होते" म्हणून आदल्या दिवसापासून उपाशी ठेवणंही चूकच. वाळलेला चारा थोडा द्यावा, खुराक बंद करावा, आणि पाणी मात्र चढवेपर्यंत समोर असू द्यावं.

चढवताना

शेळीला मान न वळवता तीनशे अंशांहून जास्त दिसतं, पण खोलीचा अंदाज चटकन येत नाही. त्यामुळे जमिनीवर पडलेली फाळक्याची सावली तिला खड्ड्यासारखी वाटू शकते. लोंबणारी साखळी, वाऱ्यावर फडफडणारी ताडपत्री, चकाकणारं डबकं, बाहेरच्या लख्ख उन्हातून दिसणारा हौद्याचा काळोख, अशा कशापाशीही ती थबकते. थबकलेल्या शेळीला मागून काठी बसते, आणि तिच्या लेखी ती काळोखी जागा आता मार मिळण्याचीही जागा होते. मारायच्या आधी तिच्या डोळ्यांच्या उंचीवर बसून समोर काय दिसतं ते पाहावं. निम्म्या वेळा साखळी गुंडाळली किंवा गाडीचं तोंड फिरवलं की काम होतं.

हाकण्याचं तत्त्वही सोपं आहे. प्रत्येक जनावराभोवती बुजण्याची एक हद्द असते. माणूस त्या हद्दीच्या कडेवर आला की जनावर चालू लागतं, एकदम आत घुसला की उधळतं किंवा उलटं फिरतं. दुसरी खूण खांद्याची. खांद्याच्या मागे उभं राहिलं तर ते पुढे जातं, पुढे उभं राहिलं तर मागे सरतं. बोकडाच्या तोंडासमोर उभं राहून कान ओढणारा माणूस आपल्या देहाने त्याला "मागे हो" सांगत असतो. पूर्वी अमेरिकेत आणि पुढे जगभर कत्तलखान्यांच्या वाटा या निरीक्षणांवर नव्याने आखल्या गेल्या, त्यात अमेरिकी पशुशास्त्रज्ञ टेम्पल ग्रँडिन यांचं काम मोठं आहे. आपल्याकडे मेंढपाळांना हे न शिकवता येतं. अडचण होते ती बाजारात, कारण तिथे हाकणारा रोजंदारीवर असतो आणि घाईत असतो.

शेळी एकटी पडली की घाबरते, कळपामागे मात्र सहज जाते. म्हणून गाडीला सरावलेली एक शेळी पुढे चालवली की बाकीच्या मागून येतात. एकेकीला उचलून फेकण्यापेक्षा हे लवकर होतं. उचलायचीच वेळ आली, तर एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या मांड्यांभोवती घालावा. कान, शिंग, शेपूट, एक पाय किंवा मेंढीची लोकर धरून उचलू नये. लोकर धरून उचललेल्या मेंढीच्या कातडीखाली रक्त साकळतं आणि सोलल्यावर ते बोटांच्या ठशांसारखं दिसतं.

आता उताराचा हिशेब. घसरणीची फळी २० अंशांपेक्षा उभी नसावी. पिकअपचा हौदा जमिनीपासून साधारण ८५ सेंमी उंच असेल, तर फळी किमान अडीच मीटर लांब हवी. ट्रकच्या १२० सेंमी उंचीला साडेतीन मीटर. बाजारात दिसणारी चार-पाच फुटांची फळी त्यामुळे जवळजवळ शिडीच होते. फळीवर दर १५-२० सेंमीला आडवी पट्टी ठोकावी, दोन्ही कडांना आडोसा करावा, आणि फळी व हौदा यांच्यात खूर अडकेल अशी फट ठेवू नये. फळी परवडत नसेल तर मातीचा धक्का करावा आणि गाडी मागे घेऊन त्याला लावावी. खर्च फक्त एका दिवसाच्या मजुरीचा, आणि तो वर्षानुवर्षं पुरतो.

हौद्यात किती, कसे

केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०१५ साली झालेल्या दुरुस्तीनुसार एका शेळी-मेंढीला ०.३ चौरस मीटर, म्हशीला २ चौरस मीटर आणि डुकराला ०.६ चौरस मीटर जागा लागते. अडीच मीटर लांब आणि १.७ मीटर रुंद पिकअप धरला तर त्यात १४ बोकड बसतात. बाजाराच्या दिवशी रस्त्यावर उभं राहून मोजलं, तर याच्या दुप्पटही सापडतील.

त्याआधीपासून लागू असलेले १९७८ चे जनावर वाहतूक नियम सहा तासांहून लांबच्या प्रवासाबद्दल आणखी काही सांगतात. पशुवैद्यकाचा दाखला हवा, नर-मादी एकत्र नकोत, प्रथमोपचाराचं सामान सोबत हवं, तळाला किमान ५ सेंमी पेंढा हवा, वाटेत ठरावीक अंतराने पाण्याची सोय हवी, आणि साडेचार-पाच टनी गाडीत चाळीसपेक्षा जास्त शेळ्या-मेंढ्या नकोत. मोठ्या गाडीत दर दोन-तीन मीटरवर आडवा अडसर घालायला सांगितलंय. तो महत्त्वाचा. ब्रेक दाबला की मागचा सगळा कळप पुढच्या भिंतीवर जातो आणि तळातली जनावरं गुदमरतात. चेंगरून मेलेल्या बोकडाच्या अंगावर बरेचदा जखम नसते, म्हणून "दमाने मेला" असं सांगून विषय मिटवला जातो.

दाटी केली म्हणजे जनावरं एकमेकांच्या आधाराने उभी राहतात आणि पडत नाहीत, असा व्यापाऱ्यांचा एक समज आहे. तो अर्धाच खरा. अगदी मोकळ्या हौद्यातही वळणावर जनावर भेलकांडतं, त्यामुळे जागा फार जास्त असली तरी चालत नाही. पण दाटीत एकदा पडलेलं जनावर पुन्हा उठू शकत नाही, कारण उठायला पुढे झोक घ्यावा लागतो आणि ती जागा दुसऱ्याच्या पायांनी भरलेली असते.

बांधायचंच असेल तर गळ्यात सरकफास घालू नये, पडल्यावर तोच फाशी होतो. दोर जनावराला बसता येईल इतका ढिला आणि एका झटक्यात सुटेल अशा गाठीचा असावा. शिंगवाले आणि बिनशिंगाचे वेगळे ठेवावेत. अनोळखी बोकड शक्यतो आदल्या दिवशी एकत्र सोडावेत, म्हणजे टकरा घेऊन त्यांची उतरंड गाडीबाहेरच ठरते.

गाडी थांबते तेव्हा

चालत्या गाडीत वारा असतो. तीच गाडी टोलनाक्यावर, ढाब्यावर किंवा कसारा घाटाच्या कोंडीत उभी राहिली की हौद्यातली उष्णता आणि ओल वाढत जाते. मध्य प्रदेशातून मुंबईकडे येणाऱ्या गाड्यांचा हा ठरलेला रस्ता. चालकाचं जेवण पाऊण तासाचं, पण दुपारी दोनच्या उन्हात पत्र्याच्या हौद्यात तेवढा वेळ पुरेसा वाईट आहे. थांबायचंच तर सावलीत, वाऱ्याच्या दिशेला आडवी गाडी लावून, आणि जितका कमी वेळ तितकं बरं. मार्च ते जूनमध्ये रात्री निघून ऊन चढायच्या आत पोचणं हा सगळ्यात मोठा उपाय, आणि त्याला वेगळा पैसा लागत नाही.

ताडपत्री वरून आणि पुढून असावी, बाजू उघड्या. पावसाळ्यात चूक उलटी होते. भिजलेल्या शेळीवर ताशी ६० किलोमीटरचा वारा बसला की ती गारठते, आणि प्रवासानंतर तीन-चार दिवसांनी खोकला, ताप, नाकातून शेंबूड सुरू होतो. ताणाने प्रतिकारशक्ती खाली आलेली असते, आणि घशात मुळातच असलेल्या जिवाणूंना तेवढं पुरतं.

उतरल्यावर

उतरवताना सगळ्यांना घाई असते, म्हणून दमलेल्या जनावराला हौद्यातून खाली उडी मारायला लावतात. पुढच्या पायांचे सांधे आणि खांदे इथे जातात. जी फळी चढायला वापरली, तीच गाडीसोबत आणावी.

२००१ चे नियम कत्तलखान्याच्या गोठ्यात लहान जनावराला १.६ आणि मोठ्याला २.८ चौरस मीटर जागा सांगतात, आणि एका पशुवैद्याने तासाला १२ व दिवसाला ९६ पेक्षा जास्त जनावरं तपासू नयेत असंही सांगतात. इथे सर्वात आधी द्यायचं ते पाणी. अनोळखी टाकीतलं पाणी काही शेळ्या हुंगून सोडून देतात. थोडा गूळ आणि चिमूटभर मीठ घातलं की बहुतेक पितात. नंतर वाळलेला चारा. कत्तलीआधी साधारण बारा तास चारा बंद, पाणी सुरूच.

बकरी ईदच्या आधी मुंबईत देवनारच्या बाजारात राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेशातून बोकड येतात आणि मग घरोघरी जातात. तिथे प्रेमापोटी एक गोष्ट नेमकी चुकते. उपाशी आलेल्या बोकडाला घरातले सगळे मिळून चपात्या, गहू, मका, भात खाऊ घालतात. रिकाम्या कोठीत एवढं पिष्ट एकदम गेलं की आम्ल वाढतं, पोट फुगतं, जनावर दात खातं, आडवं होतं आणि दोन दिवसांत मरूही शकतं. पहिले दोन-तीन दिवस वाळलेला चारा, झाडपाला आणि पाणी एवढंच द्यावं. धान्य नंतर, मूठ-मूठ वाढवत.

मांसात काय उतरतं

"घाबरलेल्या जनावराच्या मांसात विष तयार होतं" हे अनेकदा ऐकू येतं. विष वगैरे काही तयार होत नाही. होतं ते असं. स्नायूंत ग्लायकोजेन नावाची साखर साठवलेली असते. जनावर मेल्यावर तिचं लॅक्टिक आम्ल होतं आणि मांसाचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा कमी तितकं आम्ल जास्त) सातच्या आसपासवरून एका दिवसात ५.४ ते ५.७ पर्यंत उतरतो. या आम्लतेमुळे जिवाणूंची वाढ मंदावते आणि रंग उजळ येतो. उपाशीपोटी प्रवास, टकरा, दाटीत तोल सावरत तासन्तास उभं राहणं यांत ही साखर आधीच जळून गेली, तर आम्लाला कच्चा माल उरत नाही. पीएच सहाच्या वर राहतो. मांस काळपट, हाताला चिकट दिसतं आणि लवकर वास मारतं. शेळीच्या मांसात हा दोष मेंढीपेक्षा सहज येतो, कारण शेळी ताण जास्त घेते. संपलेलं ग्लायकोजेन एका रात्रीच्या विश्रांतीत भरून येत नाही. पोटभर खाऊनही त्याला काही दिवस लागतात.

आपल्याकडे मटण कापल्यावर काही तासांतच विकलं जातं, पीएच कोणी मोजत नाही. त्यामुळे काळपट मांस दिसलं की "बोकड जून होता" एवढ्यावर चर्चा संपते.

कोंबडीचं गणित वेगळं

ब्रॉयलरचा प्रवास लहान असतो, पण प्रत्येक पक्ष्याला हात लागतो, म्हणून इथे पकडणं हाच सर्वात नाजूक भाग. लिफ्टिंगची, म्हणजे शेडमधून पक्षी उचलून नेण्याची, वेळ ठरवताना उलटा हिशेब करावा. खाद्य बंद केल्यापासून कत्तलीपर्यंत एकूण ८ ते १२ तास जावेत. पकडायला आणि भरायला दोन तास, प्रवास तीन, दुकानात किंवा प्लांटवर दोन तास थांबणं धरलं, तर खाद्याची भांडी पकडण्याआधी दोन-तीन तास वर उचलायची. सहा तासांच्या आत कापली तर आतडी भरलेली असतात आणि फुटून घाण मांसाला लागते. चौदा तासांपुढे गेली तर आतड्याची भिंत कमजोर होऊन तीही फाटते, शिवाय भुकेली कोंबडी तूस आणि विष्ठा टोचून खाते. पाणी मात्र माणसं शेडमध्ये शिरेपर्यंत बंद करू नये.

वजनाचं नुकसान ताशी पाव ते अर्धा टक्का. दोन किलोची कोंबडी दहा तासांत ५० ते १०० ग्रॅम घटते. दीड हजार पक्ष्यांच्या गाडीत ही तूट ७५ ते १५० किलो होते. व्यापारी आणि शेतकरी काट्यावरून भांडतात त्यातला बराचसा वाद खरं तर वेळेचा असतो.

पकडायचं रात्री, मंद किंवा निळ्या उजेडात. त्यात कोंबडीला कमी दिसतं आणि ती बसून राहते. जाळी लावून एकावेळी थोडेच पक्षी वेगळे करावेत, नाहीतर कोपऱ्यात ढीग होऊन खालचे गुदमरतात. दोन्ही पाय धरून उचलावं, एका हातात तीनपेक्षा जास्त नाही. एका पायाने उचललं तर मांडीचं हाड खुब्यातून निखळतं आणि पोटात रक्तस्राव होतो. पंखाला धरलं तर पंख मोडतो. उलटी धरलेली कोंबडी फार वेळ तशी ठेवू नये, कारण तिला आपल्यासारखा छाती-पोट वेगळं करणारा पडदा नसतो आणि आतड्यांचा भार श्वासाच्या पिशव्यांवर येतो. स्कूटरच्या हँडलला उलट्या टांगलेल्या कोंबड्या मुख्यतः त्यानेच धापा टाकत असतात.

क्रेटमध्ये किती भरायच्या? २०१५ च्या त्याच दुरुस्तीत कोंबडीला ४० चौरस सेंटिमीटर जागा लिहिली आहे. म्हणजे एटीएम कार्डापेक्षाही कमी, त्यावर कोंबडीचे दोन पायसुद्धा नीट मावणार नाहीत. युरोपीय संघाचा नियम जास्त उपयोगी आहे: १.६ ते ३ किलोच्या पक्ष्याला किलोमागे १६० चौरस सेंटिमीटर. त्या हिशेबाने ९० सेंमी लांब, ५५ सेंमी रुंद क्रेटमध्ये दोन किलोचे १५ पक्षी बसतात. उन्हाळ्यात बाराच भरावेत.

कोंबडीच्या अंगाचं तापमान मुळातच ४१-४२ अंश, घामाच्या ग्रंथी नाहीत, उष्णता बाहेर टाकायचा मुख्य मार्ग धाप. एक पक्षी साधारण १० ते १५ वॅट उष्णता सोडतो. हजार पक्ष्यांची गाडी म्हणजे दहा-पंधरा चालू इस्त्र्या एका टेम्पोत रचल्यासारखं. त्यात आणखी एक उलटी वाटणारी गोष्ट: उघड्या गाडीत वारा समोरून आत येतो असं वाटतं, प्रत्यक्षात बरीचशी हवा मागून आत शिरून पुढच्या बाजूंनी बाहेर पडते. म्हणून केबिनच्या मागे, वरच्या आणि मधल्या थरांत सर्वात जास्त कोंदटतं, आणि मेलेले पक्षीही तिथेच जास्त निघतात. क्रेटच्या रांगांमध्ये १०-१५ सेंमीची मोकळी गल्ली सोडली की फरक पडतो.

पाणी मारण्याबाबतही जपून. विदर्भाच्या कोरड्या उन्हात, गाडी लगेच सुटणार असेल तर अंग भिजवणं चांगलं. मुंबईच्या मे महिन्यात उभ्या गाडीवर पाणी मारलं की हवेतली ओल वाढते, धापेने उष्णता बाहेर पडेनाशी होते आणि मरतूक उलट वाढते. तिथे पाण्यापेक्षा पंखा लावावा. नीट चालणाऱ्या व्यवस्थेत पोचेपर्यंत मेलेल्या पक्ष्यांचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आत राहतं. त्याहून जास्त निघाले तर मेलेले पक्षी गाडीत कुठल्या थरात होते ते लिहून ठेवावं. पुढे आणि मध्ये असतील तर उष्णता, सगळीकडे विखुरलेले असतील तर पकडणं किंवा शेडमधला आजार.

शेवटी रिकामी क्रेट. उतरवलेल्या क्रेटला विष्ठा, पिसं, कधी रक्त लागलेलं असतं, आणि तीच क्रेट त्याच रात्री दुसऱ्या शेडच्या दारात उतरतात. मानमोडीचा (राणीखेत रोगाचा) विषाणू असाही फिरतो. आधी ब्रशने विष्ठा काढायची, मग साबणाच्या पाण्याने धुवायचं, मग जंतुनाशक मारायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. विष्ठेच्या थरावर नुसतं जंतुनाशक फवारलं तर ते वरच्या थरातच संपतं.